ऑटिस्टिक मुलाला घरी शिकवायचे, तर पुस्तकाच्या आधी काय?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे आणि मध्यम ऑटिझमचे निदान झाले आहे. वीस-पंचवीस शब्द येतात, पण काही हवे असले की तो तुमचा हात धरून ओढत नेतो. केजी-टूच्या शाळेने ‘सध्या घरीच ठेवा’ असे तोंडी सांगितले. तुम्ही नोकरी सोडली, घरी सासूबाई आहेत. आता तुम्हाला हवे आहे ते असे: कोणता अभ्यासक्रम आणावा, रोज किती तास बसवावे, आणि शाळा उघडेपर्यंत तो पहिलीच्या मुलांच्या बरोबरीला येईल का.

तुमची खरी अडचण अभ्यासक्रमाची नाही. ज्या मुलाला ‘पाणी दे’, ‘नको’, ‘थांब’, ‘मदत कर’ एवढे सांगता येत नाही, त्याच्यासमोर कोणतेही पुस्तक ठेवले तरी तो ते फेकणार किंवा उठून जाणार, कारण ‘नको’ म्हणण्याचा तेवढाच मार्ग त्याच्याकडे आहे. म्हणून पहिले दोन-तीन महिने दोनच गोष्टींसाठी द्या: त्याला मागता येणे, आणि दिवसाचा क्रम त्याला आधी कळणे. अक्षरे त्यानंतर येतात, आणि तेव्हा बरीच पटकन येतात.

किती पटकन, हे मुलाला न पाहता सांगता येणार नाही. ते त्याचे ऐकणे, झोप, आकलन आणि फिट येतात की नाही यावर अवलंबून आहे. श्रवण तपासणी (ओएई, गरज असल्यास बेरा) झाली नसेल तर सगळ्यात आधी ती करा. ‘हाक मारली तर बघत नाही’ हे ऑटिझममुळे आहे असे धरून चालतात आणि कानातला दोष राहून जातो. खाणे दोन-चार पदार्थांपुरतेच असेल आणि रात्री तळमळत असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्या. बद्धकोष्ठ असलेले मूल दहा मिनिटे शांत बसू शकत नाही, आणि घरचे त्याला हट्टी ठरवतात.

कागदपत्रांचे लवकर उरकतो. शाळेतून नाव काढू नका, टीसी घेऊ नका. तोंडी निरोपाला उत्तर म्हणून ‘हे लेखी द्या’ असा साधा अर्ज करा. शिक्षण हक्क कायदा २००९ हा ६ ते १४ वयासाठी आहे आणि त्याच्या कलम १६ नुसार मुलाला शाळेतून काढता येत नाही, पण ते संरक्षण पहिलीपासून लागू होते, केजीला नाही. केजीसाठी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चे कलम १६ दाखवा; मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेला अपंगत्वावरून भेदभाव करता येत नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा तुमच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्याने दिला आहे. तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिक्षण घेण्याचाही पर्याय मिळाला. तुमचा मुलगा त्या गटात बसेलच असे नाही. मात्र घरी शिकवणाऱ्या पालकांना शिक्षा करण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात नाही, तेव्हा त्या भीतीने झोप उडवून घेऊ नका.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, काढून ठेवा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयातल्या मंडळासमोर होते. ऑटिझमसाठी ‘आयएसएए’ ही भारतीय मापनश्रेणी वापरतात. ४० बाबी असतात आणि गुण ४० ते २०० च्या दरम्यान येतात. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. तपासणीला जाताना मुलाचे घरचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ फोनमध्ये ठेवा, कारण नव्या खोलीत तो नेहमीसारखा वागेलच असे नाही. अपंगत्वाचे प्रमाणपत्र असले की शिक्षण हक्काच्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो आणि नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. त्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे. केंद्र सरकारचे संमिश्र प्रादेशिक केंद्र म्हणजे सीआरसी तुमच्या नागपुरातच आहे, तिथे एकदा जाऊन या. खासगी विशेष शिक्षक किंवा स्पीच थेरपिस्ट लावायचा असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आधी विचारा. खरा माणूस त्यात अपमान मानत नाही.

आता मुख्य काम, मागायला शिकवणे. त्याला सगळ्यात जास्त आवडणाऱ्या पाच-सहा गोष्टी काढा. खाणे, खेळणे, झुला, पाण्यात हात घालणे, काहीही चालेल. मोबाईल मात्र या यादीत घेऊ नका, कारण तो हातातून काढून घेताना दर वेळी भांडण होते आणि शिकवण्याच्या संधी वाया जातात. प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, साधारण ५ बाय ५ सेंटीमीटरचा छापून लॅमिनेट करा, मागे वेल्क्रो लावा. फोटो त्याच वस्तूचा हवा, इंटरनेटवरचा नको. आणि घरात जो शब्द आहे तोच वापरा. तुम्ही फल्ली म्हणत असाल तर कार्डावर फल्लीच. पुस्तकी ‘शेंगदाणे’ शिकवून त्याच्यावर दुहेरी ओझे टाकू नका. घरात मराठी आणि बाहेर हिंदी चालते म्हणून मराठी बंद करून एकच इंग्रजी धरा, असा सल्ला बरेच जण देतात. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचे बोलणे मागे पडत नाही. आजी ज्या भाषेत लाड करते ती बंद केली तर नुकसान नक्की होते.

सुरुवातीला दोन माणसे लागतात, आणि इथे सासूबाईंचे काम आहे. तुम्ही समोर बसा, हातात फल्लीचे दाणे दिसतील असे धरा. मध्ये एकच कार्ड. तो दाण्यांकडे हात नेईल त्या क्षणी मागे बसलेल्या आजींनी, एक शब्दही न बोलता, त्याचा हात कार्डाकडे वळवून ते तुमच्या तळहातावर ठेवायला मदत करायची. कार्ड हातात पडले की तुम्ही लगेच ‘फल्ली!’ म्हणून दोन-तीन दाणे द्यायचे. वाटीभर नाही, नाहीतर पोट भरते आणि मागण्याचे कारण संपते. चकली असेल तर सहा तुकडे करा. मागच्या माणसाने बोलायचे नाही हा नियम सगळ्यांत आधी मोडतो. आजी प्रेमाने ‘दे रे बाळा, कार्ड दे’ म्हणतात, मग मुलगा कार्ड दिसल्यावर नव्हे, ‘दे’ ऐकल्यावर देतो, आणि कोणी न सांगता मागणे त्याला कधी येतच नाही. हाताची मदत कमी करता येते. तोंडी सूचनेची सवय सोडवणे फार कठीण जाते.

मदत मनगटावरून कोपरावर, मग नुसत्या खांद्याला स्पर्श, मग काहीच नाही, अशी उतरवत न्या. तो स्वतःहून द्यायला लागला की तुम्ही एक पाऊल मागे सरका, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मग स्वयंपाकघरात. त्यानंतर दोन कार्डे ठेवा, एक आवडत्या वस्तूचे आणि एक नावडत्या, उदाहरणार्थ मोज्याचे. त्याने मोज्याचे कार्ड दिले तर मोजाच द्या. नाक मुरडेल, मग दुसरे कार्ड उचलेल. चित्राकडे बघून निवडायला तो तिथेच शिकतो. ‘कार्डे दिली तर बोलणारच नाही’ ही भीती अगदी नेहमीची आहे. तसे होत नाही. ज्यांचे बोलणे यायचे असते त्यांचे कार्डांमुळे अडत नाही, बऱ्याचदा वाढतेच. कार्डे साठ-सत्तरच्या पुढे गेली की टॅबवरचे ॲप सोयीचे पडते. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ मोफत आहे आणि त्यात मराठी आहे. पण तो टॅब फक्त बोलण्यासाठी; त्यावर यूट्यूब आले की त्याचे बोलणे संपले समजा.

दिवसभरात मागण्याच्या तीस-चाळीस संधी तरी यायला हव्यात. त्या टेबलावर येत नाहीत, घरात तयार कराव्या लागतात. फुटाणे घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत ठेवा म्हणजे त्याला ‘उघड’ मागावे लागेल. पाणी अर्धाच पेला द्या. झुला दोन झोके देऊन थांबवा आणि मनात पाच मोजा. त्या पाच सेकंदांत मोठी माणसे गप्प राहत नाहीत, अडचण तिथे असते. आणि दिवसभर ‘हे काय? याचा रंग कोणता?’ विचारणे बंद करा. ती परीक्षा झाली. त्याऐवजी तो बघतो आहे त्याचे नाव तुम्हीच एका-दोन शब्दांत घ्या.

दुसरी गोष्ट दिवसाचा क्रम. एका पुठ्ठ्यावर वरून खाली पाच-सहा फोटो लावा: दात, नाश्ता, टेबल, झुला, आंघोळ, गच्ची. काम झाले की तो फोटो काढून त्याने खालच्या पाकिटात टाकायचा. हळूहळू बरीच मुले फळ्याकडे स्वतः बघू लागतात. फळ्यावर एखादे वेळी बदल मुद्दाम ठेवा आणि त्यासाठी एक वेगळे चिन्ह करा, लाल फुली म्हणा. रोज सगळे ठरल्याप्रमाणेच झाले तर पाहुणे आले त्या दिवशी घर डोक्यावर घेईल. याच्या जोडीला छोटा ‘आधी–मग’ फळा: आधी कोडे, मग झुला. ‘मग’मधली गोष्ट ठरल्याप्रमाणे मिळालीच पाहिजे. काम लवकर झाले म्हणून ‘अजून एक कर’ म्हणालात की त्या फळ्यावरचा त्याचा विश्वास गेला, आणि तो परत मिळायला वेळ लागतो.

टेबलावर बसणे रोज एकूण पाऊण तास ते एक तास, तेही तीन भागांत. सुरुवातीला एक भाग पाच मिनिटांचा असला तरी चालेल. नागपूरच्या उन्हाळ्यात पहिले दोन भाग सकाळी साडेसात ते नऊच्या आत उरका, तिसरा संध्याकाळी. विदर्भात शाळा जूनच्या शेवटीच उघडतात, तेव्हा एप्रिल ते जून हा सलग काळ तुमच्या हातात आहे. ‘सुट्टी’ म्हणून क्रम मोडू नका. कूलर सुरू असेल तर तुमचा आवाज त्याच्यात बुडतो आणि मुलाला त्या घरघरीतून शब्द वेगळे काढणे जड जाते. शिकवण्याच्या दहा मिनिटांत पंखा सर्वात कमी वेगावर ठेवा, कूलरपासून लांबच्या भिंतीकडे बसा आणि हातभर अंतरावरून बोला. काही मुलांना उलट तोच आवाज शांत करतो. तुमचा मुलगा यांतला कोणता, ते दोन दिवस चालू आणि दोन दिवस बंद ठेवून बघा.

खुर्चीची बैठक जमिनीपासून ३० सेंटीमीटरच्या आसपास, टेबल ५० ते ५३. पाय लटकत असतील तर खाली पाट ठेवा. पाय टेकलेले नसले की मूल सारखे सरकते आणि आपण त्याला चंचल म्हणतो. तोंड कोऱ्या भिंतीकडे, खिडकीकडे नाही. डावीकडे तीन टोपल्या, प्रत्येकीत एक काम. उजवीकडे एक मोठी ‘झाले’ची टोपली. किती काम आहे आणि ते केव्हा संपेल हे त्याला न सांगता दिसते. पहिले काम हमखास येणारे, मधले नवे, शेवटचे पुन्हा सोपे.

कामे महाग लागत नाहीत. बाटल्यांची झाकणे रंगानुसार लावणे, चिमटे डब्याच्या कडेला लावणे, अंड्यांच्या ट्रेच्या दहा खळग्यांत एकेक झाकण टाकणे, चमचे आणि वाट्या वेगळ्या करणे. तोंडात वस्तू घालण्याची सवय असेल तर राजमा, मणी, गोट्या दूर ठेवा. नवे शिकवताना चुकू देऊ नका: विचारल्याबरोबर लगेच बोट दाखवा, काही फेऱ्यांनंतर दोन सेकंद थांबून दाखवा, मग चार. आधी चुकू देऊन मग दुरुस्त केले तर अनेक ऑटिस्टिक मुले चूक आणि दुरुस्ती मिळून एकच धडा म्हणून पाठ करतात. क्रम नेहमी जुळवणे, मग सांगितलेले उचलणे, शेवटी नाव सांगणे. पालक नेमके उलटीकडून सुरू करतात.

नोंद ठेवा, पण साधी. एका कामाच्या दहा संधी. स्वतः केले तर ‘+’, मदतीने केले तर ‘म’, नाही जमले तर ‘–’. तीन दिवस ओळीने आठ किंवा जास्त ‘+’ आले की पुढची पायरी. तीन दिवसांत तीनच्या वर जात नसेल तर काम मोठे आहे, त्याचे तुकडे करा. आणि जे टेबलावर आले ते दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसाबरोबर, दुसऱ्या वस्तूंनी येते का ते बघितल्याशिवाय ‘आले’ लिहू नका.

दहा चित्रे जुळवता आली की अक्षरांकडे वळता येते. अ-आ-इ-ई च्या ओळीने जाऊ नका. या मुलांची नजर बऱ्याचदा पक्की असते, म्हणून आधी पूर्ण शब्द चित्राशी जुळवा: त्याचे नाव, आई, आजी, आणि त्याच्या रोजच्या मागण्यांतले शब्द. मग आकाराने सारखी आणि सोपी अक्षरे, जसे ग, म, न. नंतर र, स. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. पहिले पक्के झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी दुसरे. सीताबर्डीवर मिळणारे तक्ते बघून घ्या, कारण हिंदी छपाईतले ल आणि श मराठी पुस्तकातल्या ल आणि श पेक्षा वेगळे दिसतात. आपल्याला जाणवत नाही, पण आकार पाठ करणाऱ्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरे वाटतात. तक्ता, कार्डे आणि नंतरचे बालभारतीचे पुस्तक यांत वळण एकच ठेवा.

लिहिण्याची घाई अजिबात नको. उभी रेघ, आडवी रेघ, गोल, अधिकची खूण, मग तिरक्या रेघा. एवढे जमल्याशिवाय ‘क’ गिरवायला लावण्यात अर्थ नाही. पाटी भिंतीला टांगा, त्याने मनगट योग्य वळते. खडू दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा द्या, तो मुठीत धरताच येत नाही, आपोआप बोटांत येतो.

चड्डी घालणे, हात धुणे, ताट उचलून ठेवणे हाही अभ्यासच आहे, आणि माझ्या मते पहिलीच्या गणितापेक्षा आधीचा. चड्डी शिकवताना शेवटच्या पायरीपासून मागे या: तुम्ही गुडघ्यापर्यंत घालून द्या, कमरेपर्यंत तो ओढेल. ते आले की पोटरीपासून त्याच्याकडे. प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होते, म्हणून तो रुसत नाही.

किंचाळणे, फेकणे सुरू झाले की लगेच आधी काय झाले आणि नंतर त्याला काय मिळाले, हे दोन ओळींत लिहा. आठवडाभराच्या नोंदींत कारण दिसू लागते: काम टाळायचे, काही हवे, लक्ष हवे, की आवाज-स्पर्श सहन झाला नाही. पहिल्या तिघांवर उपाय म्हणजे तेच कार्डाने मागायला शिकवणे. किंचाळल्यावर मोबाईल देणे बंद कराल तेव्हा पहिले काही दिवस किंचाळणे वाढेल. त्या वाढीच्या दिवसांत एकाने जरी मोबाईल दिला तर तो अधिक मोठ्याने किंचाळायला शिकतो. म्हणून घरातले सगळे तयार नसतील तर सुरूच करू नका. चौथ्या कारणाला मात्र शिस्त नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी आणि ढोल-ताशे त्याला दाखवायचा आग्रह सोडा, त्या दिवशी इतवारी-महाल टाळा. त्याच दिवशीचा तान्हा पोळा मात्र त्याच्यासाठी सोन्यासारखा आहे. लाकडी नंदी घेऊन ओळखीच्या तीन घरी जायचे, दार वाजवायचे, कार्ड किंवा शब्दाने बोजारा (त्या दिवशी मुलांना देतात तो खाऊ किंवा पैसे) मागायचा, घेऊन निघायचे. आठ दिवस आधीपासून घरातल्या घरात तालीम करा आणि त्या तीन घरी आधी सांगून ठेवा.

बरोबरीचे विचारलेत. शाळा उघडेपर्यंत तो पहिलीच्या बरोबरीला येईल असे मी म्हणणार नाही. पहिलीसाठी महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण असावे लागतात, आणि एक वर्ष केजीत जास्त गेले तर आभाळ कोसळत नाही. घरच्या शिकवणीला मी साधारण वर्षभराचा काळ धरतो. दहा मिनिटे बसणे, वीस गोष्टी मागणे, शू-शीचे सांगणे आणि अनोळखी माणसाची एक सूचना ऐकणे एवढे जमले की रोज दोन तासांसाठी शाळेत न्या, मधल्या सुट्टीच्या आधी घेऊन या, आणि वेळ हळूहळू वाढवा. शाळा मानत नसेल तर समग्र शिक्षा अभियानातल्या विशेष शिक्षकांशी महापालिकेच्या शिक्षण विभागातून संपर्क करून त्यांना मुख्याध्यापकांच्या भेटीला बरोबर घ्या. पुढे घरीच ठेवायचे ठरले तरी परीक्षेचा रस्ता बंद नाही: एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष तीन स्तर आहेत, आणि राज्याचे मुक्त विद्यालय मंडळही आहे. ते आज ठरवायची गरज नाही.

एक शेवटचे, तुमच्यासाठी. शिकवणारी, भरवणारी, रागावणारी आणि झोपवणारी एकच व्यक्ती असली की मुलगाही फक्त तिच्याजवळच शिकतो. संध्याकाळचा भाग पहिल्या आठवड्यापासून त्याच्या वडिलांकडे द्या. त्यांना जमत नाही म्हणतील. मागण्याच्या कार्डांपासून सुरू करू द्या, आणि ती वीस मिनिटे तुम्ही घरात थांबू नका.